आंधळ्या उंदराची बाहुली

आजच्या गोष्टीचा नायक पांढरा उंदीर आहे. शंभर वर्षांपूर्वी हार्वर्डमध्ये क्लाइड कीलर नावाचा तरुण विद्यार्थी उंदरांच्या डोळ्यांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहत होता. काही डोळ्यांत मागच्या पडद्यातला, म्हणजे दृष्टिपटलातला, एक थरच गायब! अंधुक उजेडात पाहणाऱ्या दंडपेशी तिथे नव्हत्याच. हा दोष आई-बाप दोघांकडून आला तरच पिल्लात उमटतो, असं त्याने 1924 मध्ये मांडलं. या पेशी घडतच नाहीत, डोळ्याची वाढ मध्येच खुंटते, असा त्याचा तर्क होता.

निरीक्षण चोख होतं, तर्क मात्र फसला. दंडपेशी घडू लागतात आणि मग मरतात. पिल्लाचे डोळे साधारण दोन आठवड्यांनी उघडतात. तोवर पडझड सुरू झालेली असते आणि महिन्याभरात जवळजवळ सगळ्या दंडपेशी संपतात. या दोषाचं जनुक 1990 मध्ये सापडलं, पीडीई6बी. दंडपेशीतल्या एका एन्झाइमचा भाग ते बनवतं. उजेड पडला की हे एन्झाइम सीजीएमपी नावाचा रेणू तोडतं, आणि तिथून पुढे मेंदूला खबर जाते. एन्झाइमच निकामी असेल तर मोरी तुंबावी तसा सीजीएमपी साठत जातो, पेशीच्या आवरणातली दारं उघडी राहतात, सोडियम आणि कॅल्शियम आत लोटत राहतं. शेवटी पेशी मरते.

हे जनुक तसाच दोष असलेल्या दुसऱ्या उंदरांत सापडलं होतं. कीलरचे मूळ उंदीर तोवर नामशेष झाले होते, पण काचपट्ट्या शिल्लक होत्या. सत्तर वर्षं जुन्या त्या कापांतून डीएनए काढला, तर दोष तोच निघाला. 1993 च्या त्या शोधनिबंधाच्या लेखकांत नव्वदी ओलांडलेले कीलर स्वतः होते. 

सीथ्रीएच, एफव्हीबी अशा प्रयोगशाळांतल्या लाडक्या वाणांतही हा दोष मुरलेला आहे. त्यामुळे स्मरणशक्तीच्या परीक्षेत नापास झालेल्या उंदराला मुळात समोरचं दिसत होतं का, हे आधी विचारावं लागतं!

माणसातही हेच जनुक बिघडतं. रेटिनायटिस पिगमेंटोझा या आजाराच्या अनेक कारणांपैकी ते एक. सुरुवात रातांधळेपणाने होते, मग नजरेचा घेर आवळत जातो. रातांधळेपणा म्हटलं की आपण गाजर आणि 'अ' जीवनसत्त्व सुचवतो. कुपोषणाने आलेल्या रातांधळेपणावर ते रास्तच आहे, पण इथे मूळ दुखणं जनुकातलं असतं. या जनुकाचा दोष बहुधा दोन्हीकडून यावा लागतो. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आपल्या कित्येक घरांत आहे, आणि नात्यातल्या लग्नांत अशी गाठ पडण्याची शक्यता वाढते. हे कटू वाटेल, पण लग्न ठरवताना बोललं पाहिजे.

आता मला सर्वांत आवडलेला भाग. याच आंधळ्या उंदरांच्या डोळ्यावर उजेड टाकला तर बाहुली लहान होते, हे कीलरनेच 1927 मध्ये नोंदवलं होतं. दिसत नाही, तरी बाहुली आक्रसते! डोळा पाहण्यासाठीच असतो अशी सर्वांची खात्री, म्हणून त्या नोंदीकडे फारसं कुणी वळलं नाही. 1991 मध्ये रसेल फॉस्टर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की हाच दोष असलेले उंदीर शरीरातलं घड्याळ उजेडाप्रमाणे डोळस उंदरांइतकंच नीट लावतात. टीकाकार म्हणाले, भर उजेडात पाहणाऱ्या चार शंकुपेशी उरल्या असतील. म्हणून 1999 मध्ये दंडपेशी आणि शंकुपेशी दोन्ही नसलेले उंदीर घेतले. घड्याळ तरीही लागत होतं. डोळे काढल्यावर मात्र ते उजेडाप्रमाणे लागेनासं झालं. पुढच्या दोन-तीन वर्षांत उत्तर मिळालं. मेंदूकडे तंतू पाठवणाऱ्या गुच्छिका पेशींपैकी थोड्याशा पेशींत मेलॅनॉप्सिन नावाचं प्रथिन असतं आणि त्या स्वतःच उजेड टिपतात.

माणसाच्या डोळ्यातही त्या आहेत. दंडपेशी-शंकुपेशी गेलेल्या काही रुग्णांत त्या शाबूत असतात, आणि अशा माणसाची झोप-जाग दिवसाच्या उजेडाशी जुळलेली राहू शकते. म्हणूनच दृष्टी गेलेला डोळा काढण्याचा विचार होतो तेव्हा डॉक्टरांनी रुग्णाला झोपेबद्दलही विचारायला हवं.