प्रकाशाची छिन्नी



आपल्या वडीलधाऱ्यांनी फुंकणीने दिव्याची ज्योत वळवून हव्या त्याच जागी डाग दिला. उष्णता सर्वत्र नको, नेमकी तेथेच हवी, हे त्या विद्येचे मर्म होय. त्याच मर्माचा एक नवा आविष्कार आपणांपुढे मांडण्याची अनुज्ञा असावी.

लेसर किरण १९६० साली थिओडोर मेमन या अमेरिकन शास्त्रज्ञाने प्रथम निर्माण केला. भिंगाने तो एका बिंदूवर एकवटला असता पोलादही वितळते. त्याची शक्ती अखंड न सोडता, सेकंदाच्या काही सहस्रांशांच्या ठोक्यांनी सोडली, तर काप बारीक येतो व भोवतालचा धातू फारसा तापत नाही. परंतु यंत्र अवजड आणि किरण सरळ जाणारा. अडचणीच्या जागी तो न्यावा कसा?

काचतंतूने! तंतूच्या गाभ्याचा वक्रीभवनांक आवरणापेक्षा किंचित अधिक असल्याने प्रकाश आतल्या आत परावर्तित होत वळणे घेत जातो. मात्र प्रत्येक लेसर येथे चालत नाही. निओडिमियम-याग लेसरची १.०६ मायक्रॉन लांबीची लहर या काचेतून सुखाने जाते. कार्बन डायऑक्साइड लेसरची १०.६ मायक्रॉनची लहर काचच शोषून घेते. शिवाय तंतूच्या तोंडाशी धुळीचा कण राहिला, तरी तेथे उष्णता साचून तोंड जळते. स्वच्छतेवाचून ही विद्या साधत नाही.

इंदूर येथील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राने या विद्येचा मोठा उपयोग करून दाखविला. नरोरा व काक्रापार येथील अणुभट्ट्यांत प्रत्येकी ३०६ शीतक नलिका असतात. या शतकाच्या प्रारंभीच्या वर्षांत त्या जुन्या नलिका बदलताना जोडाच्या कडा कापावयाच्या होत्या. त्या जागी किरणोत्सर्ग असल्याने माणसाने तेथे जितका वेळ घालवावा, तितका त्याच्या देहास धोका अधिक. केंद्राने लेसर यंत्र दूर सुरक्षित ठेविले आणि काचतंतूने प्रकाश आत नेऊन कडा कापल्या. कामगारांच्या देहावरील किरणोत्सर्गाचा भार त्यामुळे घटला. यंत्राचे खरे भूषण हेच, की ते माणसाला वाचविते.

आपल्या किनाऱ्यावरील कित्येक मुले हातकामास कमी लेखून कचेरीच्या खुर्चीची वाट पाहतात. त्यांना माझे सांगणे एवढेच, की नजर, हात आणि गणित यांची सांगड घालणाऱ्यास आज कोठेही मान आहे. ज्ञातिफंडातून शिष्यवृत्त्या देताना तंत्रशिक्षण घेणाऱ्या मुलामुलींचा अग्रक्रमाने विचार व्हावा, अशी कार्यकारी मंडळास नम्र विनंती करून मी आपली रजा घेतो.