डॉ. डेव्हिड हो : एका गणिताचे यश आणि मर्यादा
(शतकमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



१२ जानेवारी १९९५ रोजी 'नेचर' या नियतकालिकात डॉ. डेव्हिड हो व त्यांच्या सहकाऱ्यांचा अवघ्या चार पानांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. एचआयव्हीच्या उपचारांची दिशा त्याने पालटली. १९५२ साली तैवानमध्ये जन्मलेले हो बाराव्या वर्षी अमेरिकेत आले, आरंभी भौतिकशास्त्र शिकले आणि मग वैद्यकाकडे वळले. १९८१ साली लॉस एंजेलिस येथे उमेदवारी करीत असताना, तोवर नावही नसलेल्या या रोगाचे पहिले रुग्ण त्यांच्या पाहण्यात आले.

संसर्गानंतर रुग्ण कित्येक वर्षे धडधाकट दिसतो. तेव्हा या काळात विषाणू निद्रिस्त असावा, असा समज रूढ होता. हो यांनी वीस रुग्णांना विषाणूची वाढ रोखणारे नवे औषध दिले आणि रक्तातील विषाणूंची संख्या किती वेगाने घटते ते मोजले. ग्रंथालयाच्या कपाटातील पुस्तकांची संख्या वर्षभर सारखीच दिसते, म्हणून देवघेव बंद आहे असे कोणी म्हणत नाही. परत येणारी पुस्तके थांबली, की कपाट किती दिवसांत रिकामे होते यावरून देवघेवीचा वेग उमगतो. इथेही तसेच घडले. संख्या दोन-दोन दिवसांत निम्मी होऊ लागली. त्याच अंकात डॉ. जॉर्ज शॉ यांच्या गटानेही असाच निष्कर्ष मांडला. १९९६ साली गणितज्ञ अ‍ॅलन पेरेलसन यांच्यासह हो यांनी हिशेब अधिक नेमका केला : रुग्णाच्या शरीरात दररोज सुमारे एक हजार कोटी विषाणू जन्मतात आणि जवळजवळ तितकेच नष्ट होतात.

या आकड्याचा अर्थ गंभीर होता. पोथी नकलून घेताना हस्तदोष व्हावेत, तसे विषाणूच्या प्रत्येक नव्या पिढीत बदल होतात. एवढ्या अफाट संख्येत एखाद्या औषधाला न जुमानणारा विषाणू निपजणारच. १९८७ पासून वापरात असलेले एझेडटी एकटे का अपुरे पडे, हे त्यामुळे उलगडले. तीन औषधांना एकाच वेळी चुकविणे मात्र विषाणूला फार दुष्कर. हे श्रेय एकट्या हो यांचे नव्हे. अनेकांच्या प्रयत्नांतून १९९६ साली त्रिऔषधी उपचार रूढ झाला आणि पुढल्याच वर्षी अमेरिकेतील एड्सचे मृत्यू ४७ टक्क्यांनी घटले.

आशेला मग पंख फुटले. १९९७ च्या शोधनिबंधात पेरेलसन आणि हो यांनी मांडले की, औषधे पूर्णतः परिणामकारक ठरली तर ज्ञात पेशींतील विषाणू २.३ ते ३.१ वर्षांत संपेल. अज्ञात लपणी असल्यास अधिक काळ लागेल, ही अटही त्यांनी तिथेच नोंदविली होती. लोकांनी आशा तेवढी उचलली, अट मागे राहिली. त्याच वर्षी डॉ. रॉबर्ट सिलिसियानो आणि इतरांनी ती लपणी दाखवून दिली. १९९९ च्या मोजमापानुसार ती रिकामी होण्यास साठ वर्षेही लागू शकतात! औषध थांबविले की विषाणू बहुधा काही आठवड्यांतच पुन्हा डोके वर काढतो.

हो यांचा दुसरा आग्रह होता, की उपचार लवकर आणि जोरकस करावा. आरंभीच्या औषधांचे दुष्परिणाम पाहून २००१ साली अमेरिकेतील मार्गदर्शक सूचनांनी तो बाजूला सारला. २०१५ साली ४,६८५ रुग्णांच्या चाचणीने मात्र लवकर उपचाराचाच पक्ष खरा ठरविला : गंभीर आजार वा मृत्यूचा धोका ५७ टक्क्यांनी कमी झाला.

परंतु औषध परवडणार कोणाला? वर्षाला दहा हजार डॉलरहून अधिक खर्चाचा हा उपचार मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनी फेब्रुवारी २००१ मध्ये ३५० डॉलरांत देऊ केला. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने विनामूल्य औषधे देण्यास आरंभ केला, आणि २०१७ पासून निदान होताच उपचार हे धोरण स्वीकारले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या, १,७६३ जोडप्यांच्या अभ्यासात पुणे आणि चेन्नई येथील केंद्रांचाही सहभाग होता. लवकर उपचार घेणाऱ्याकडून जोडीदाराला होणारा संसर्ग ९६ टक्क्यांनी घटतो, हे त्यातून सिद्ध झाले. नियमित औषध घेणाऱ्या रुग्णाला घराबाहेर काढणाऱ्यांपाशी त्यानंतर भीतीचीही सबब उरली नाही.

वाचकाने १९९७ चा तो निबंध अवश्य वाचावा. मात्र त्यातील अटीसह वाचावा, आणि १९९९ चा निबंध त्याच्या शेजारी ठेवून वाचावा. तीन वर्षांनी औषध सोडता येईल, असे कोणा रुग्णाने ऐकले असेल, तर त्याला दोन्ही दाखविणे हे जाणत्या वाचकाचे कर्तव्य आहे.