चेहऱ्यावरची सावली : स्टुडिओतील व्यक्तिचित्र आणि छायाचित्रकाराची शैली

फोटोग्राफी हा शब्द प्रकाश आणि लेखन या अर्थांच्या ग्रीक शब्दांपासून घडला आहे. मराठीने मात्र त्याच कलेला छायाचित्रण म्हटले, आणि छाया या शब्दाला संस्कृतात प्रतिबिंब असाही अर्थ असला, तरी मराठी कानाला त्यातून आधी सावलीच ऐकू येते. स्टुडिओतील व्यक्तिचित्रापुरते पाहिले तर हे नाव अधिक नेमके ठरते, कारण प्रकाश प्रत्येक स्टुडिओत असतो. परंतु चेहऱ्यावर सावली कोठे पडू द्यायची, किती गडद राहू द्यायची आणि तिच्या आत किती तपशील दिसू द्यायचा, या निर्णयांवरूनच एकाचे काम दुसऱ्याच्या कामापासून वेगळे ओळखता येते.

फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कलोडियन पद्धतीत काचेवर रासायनिक लेप देऊन तो ओला असतानाच चित्र घ्यावे लागे, आणि हा लेप निळ्या प्रकाशाला चटकन प्रतिसाद देणारा पण तांबड्याला जवळजवळ आंधळा असल्यामुळे लालसर कांती चित्रात प्रत्यक्षाहून काळवंडलेली उमटे. विजेचे दिवे नसलेल्या त्या काळात स्टुडिओ इमारतीच्या वरच्या मजल्यावर, काचेच्या छताखाली असत, आणि युरोपात काचेची बाजू शक्यतो उत्तरेला ठेवली जाई, म्हणजे थेट ऊन आत न येता आकाशाचा सौम्य उजेड मिळे. पॅरिसमधील आंद्रे दिस्देरी यांनी १८५४ मध्ये भेटकार्डाच्या आकाराच्या छायाचित्राचे पेटंट घेतले, तेव्हा एकाच काचेवर अनेक चित्रे घेण्याची सोय होऊन व्यक्तिचित्र स्वस्त झाले, पण खांब, पडदे आणि कोरीव खुर्च्यांच्या गर्दीत माणूस हरवू लागला. त्याच शहरात नादार यांनी साधा, अंधारलेला पार्श्वपट ठेवला, सामान बाजूला सारले आणि छतावरून येणारा उजेड एका बाजूने चेहऱ्यावर घेतला. बोदलेअर किंवा तरुण सारा बर्नहार्ट यांच्या चित्रांत पाहणाऱ्याची नजर कपाळ, डोळे आणि ओठ यांच्यावरच स्थिरावते, ती या नकारामुळे.

यामागील भौतिक नियम समजून घेणे आवश्यक आहे. चेहऱ्याला आकार देणाऱ्या प्रमुख दिव्याला व्यवसायात की लाइट म्हणतात, आणि त्याने पाडलेली सावली किंचित उजळणाऱ्या दुसऱ्या, मंद प्रकाशाला फिल लाइट. या दोहोंमधील प्रमाण हाच चित्राच्या भावाचा पाया असतो. लहान दिव्यापासून दुप्पट अंतरावर प्रकाश निम्मा होत नाही, तर चौथ्या हिश्शावर येतो; म्हणून दिवा चेहऱ्याच्या अगदी जवळ आणला आणि त्याची तीव्रता त्या मानाने कमी केली, की मागचा पडदा आपोआप काळा पडू लागतो. सावलीची कड तीव्र असावी की विरघळणारी, हे दिव्याच्या शक्तीवर नव्हे, तर चेहऱ्यावरून पाहताना तो किती मोठा दिसतो यावर अवलंबून असते. दिवा सुमारे ४५ अंश बाजूला आणि डोळ्यांच्या पातळीहून वर ठेवला, तर नाकाची सावली गालाच्या सावलीला मिळते आणि अंधाऱ्या गालावर उजेडाचा छोटा त्रिकोण उरतो; ही रचना रेम्ब्रांटच्या नावाने ओळखली जाते आणि जगभरचे विद्यार्थी आजही ती आधी शिकतात. ती शिकणे अगदी योग्यच, मात्र तेथेच थांबणाऱ्याच्या चित्रांत प्रत्येक माणूस एकसारखा गंभीर दिसतो.

शिकलेल्या रचनेपासून स्वतःच्या शैलीपर्यंतचा प्रवास कॅनडातील यूसुफ कार्श यांच्या बाबतीत स्पष्ट दिसतो. ऑटावा येथील हौशी नाट्यसंस्थेत रंगमंचावरील दिव्यांशी त्यांचा परिचय झाला, आणि प्रकाश हवा तेथे हवा तेवढाच पाडता येतो ही जाणीव त्यांनी स्टुडिओत आणली. चेहऱ्याइतकेच महत्त्व देऊन हातांना स्वतंत्र प्रकाश देणे ही पुढे त्यांची ओळखच बनली. ३० डिसेंबर १९४१ रोजी त्यांनी घेतलेले चर्चिल यांचे चित्र तोंडातून सिगार काढून घेतल्याच्या क्षणासाठी सांगितले जाते, परंतु त्या क्षणाआधी दिवे रचून तयार होते, हे सहसा सांगितले जात नाही.

मुंबईत या कलेची सुरुवात लवकर झाली : १८५४ मध्ये येथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्या आरंभीच्या कार्यात होते, आणि पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला. भारतीय स्टुडिओंनी मात्र सावलीशी वेगळे नाते जोडले. छायाचित्रावर हाताने रंग चढवण्याच्या प्रथेत गालावरची सावली पुष्कळदा रंगाखाली नाहीशी होई, आणि दागिने, जरीचे काठ, पगडीचे पेच तेवढे ठळक होत. याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे आहे, कारण लघुचित्रांच्या परंपरेत वाढलेल्या डोळ्याला सारखा उजळलेला चेहरा हाच पूर्ण चेहरा वाटत होता. सावली पुसणे हाही विचारपूर्वक घेतलेला, पिढ्यान्‌पिढ्या टिकलेला निर्णय होता. पुढे फाळणीनंतर कराचीहून आलेल्या जे. एच. ठक्कर यांनी दादरच्या इंडिया फोटो स्टुडिओत नर्गिस, राज कपूर आदी कलावंतांची जी चित्रे घेतली, त्यांत सावली पुन्हा गालावर आली, केसांमागून येणाऱ्या दिव्याने कडा उजळल्या, आणि चित्रपटाच्या पडद्यावरील प्रकाशभाषा स्थिरचित्रात उतरली.

आपली शैली शोधणाऱ्या नव्या छायाचित्रकाराने म्हणूनच उपकरणे वाढवण्याआधी ती कमी करावीत. एक दिवा, एक पडदा आणि दुसऱ्या बाजूने उजेड परतवणारा थर्माकोलचा पांढरा तुकडा एवढ्यावर, ओळखीच्या एकाच माणसाला अनेकदा बसवून, प्रत्येक वेळी एकच गोष्ट बदलत चित्रे घेतली, तर त्या चेहऱ्याला कोणती सावली मानवते ते कळू लागते. खोल बसलेल्या डोळ्यांना वरचा दिवा अंधारात ढकलतो, म्हणून तो खाली आणावा लागतो. सुरकुत्यांच्या चेहऱ्यावर बाजूचा प्रकाश प्रत्येक रेघ खोल करतो, आणि ती रेघ दाखवायची की शमवायची हे समोरच्या माणसाशी बोलूनच ठरवावे लागते. थर्माकोलचा तुकडा गालाजवळून वीतभर मागे नेला, की सावली एक पायरी गडद होते; नेमक्या कोणत्या पायरीवर हात थांबला, याची नोंद प्रत्येक बैठकीनंतर वहीत करून ठेवावी.