रिम घेताना मागचा आकडा वाचा

उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेल्या रस्त्यावर चाक आदळतं, रिम वाकते आणि नवी घ्यायची वेळ येते. दुकानदार म्हणतो, "ताई, बोल्ट बसले म्हणजे रिम बसली." हे अर्धंच खरं. भोकं जुळली तरी ऑफसेट जुळायचा राहतो.

ऑफसेट समजायला घरातली पिठाची चाळण चाकासारखी उभी धरा. कडं म्हणजे रिमचा गोल, जाळी म्हणजे हबला टेकणारा भाग. जाळी कड्याच्या बरोबर मध्यावर नसते, एका काठाकडे असते. रिमचंही तसंच. रुंदीच्या मध्यापासून हा टेकणारा भाग बाहेरच्या अंगाला किती मिलिमीटर आहे, तो ऑफसेट. रिमवर, बहुधा मागच्या बाजूला, 'ईटी ४५' असा तो कोरलेला असतो. ईटी हे एका जर्मन शब्दाचं लघुरूप. आकडा कमी झाला की चाक बाहेर येतं, वाढला की आत शॉकअपकडे सरकतं.

आता हिशेब. समजा जुनी रिम ५ इंच रुंद, ईटी ४५. दुकानात आवडली ती ६ इंची, ईटी ३५. एक इंच वाढला, म्हणजे दोन्हीकडे अर्धा अर्धा, असं वाटेल. पण अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर, त्यात ऑफसेटचे १० मिळवा. बाहेरची कड तब्बल २२.७ मिलिमीटर बाहेर येते आणि आतली जेमतेम २.७ आत जाते.

रिकाम्या गाडीत हे कळतही नाही. दुकानासमोर चक्कर मारली, गाडी झकास! मग पौर्णिमेला जयसिंगपूर स्टेशनवरून पाहुणे, पोरंबाळं, बॅगा भरून वाडीकडे निघालात की गाडी मागे दबते आणि खड्ड्यात टायर मडगार्डला घासतो. कापला गेलेला टायर वेगात फुटू शकतो. शिवाय बेअरिंगवर जादा ताण येतो, तो वेगळाच.

काही जण आत गेलेलं चाक स्पेसरच्या चकतीनं बाहेर काढतात. साधी १० मिलिमीटरची चकती घातली की नट तेवढाच कमी आट्यांवर बसतो. मला तरी हा उपाय पटत नाही.

जुनी रिम भंगारात द्यायच्या आधी तिच्या मागचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पैसे देण्याआधी नवी रिम टायरसकट गाडीला लावायला सांगा, मागे तीन माणसं बसवा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा आणि टायर नि मडगार्डमध्ये बोटं घालून बघा.