लाखेच्या तबकडीवरील अभंग

हिंगोलीजवळ कयाधूच्या काठचे नरसी हे संत नामदेवांचे जन्मग्राम म्हणून वारकऱ्यांस पूज्य आहे. आणि त्यांचे कीर्तन ऐकण्यासाठी औंढ्याच्या नागनाथाचे देऊळ फिरले, ही आख्यायिका आमच्या मुलखातील मुलांना बाराखडीच्या आधी ठाऊक होते. याच मुलखात, निजामी अंमलात, १९१२ साली पूर्णेहून हिंगोलीस आगगाडी आली, आणि पुढे एखाददुसऱ्या वाड्यात ग्रामोफोनची पेटीही आली.

कीर्तनात अभंगाला घाई नसते. बुवांनी चरण म्हणावा, टाळकऱ्यांनी ध्रुपद उचलावे, आणि रात्र सरावी. दहा इंची तबकडीच्या एका बाजूने त्याच अभंगाला जेमतेम तीन मिनिटांची मुदत घालून दिली. चरण गळाले, निरूपण गेले, टाळकरी मुके झाले. उरला एकटा कंठ. आरंभी तर कर्ण्यात उच्च स्वरानेच गावे लागे, हळुवार स्वर उमटतच नसे. १९२५च्या सुमारास विद्युत्-ध्वनिमुद्रण आले आणि हुंदक्यापर्यंतचे सारे काही लाखेवर कोरले जाऊ लागले. अभंगाला आर्त, व्यक्तिगत गहिवर लाभला तो, माझ्या मते, या यंत्रामुळेच. १९३१च्या ‘संत कान्होपात्रा’ नाटकातील, मास्टर कृष्णरावांच्या चालींवरची बालगंधर्वांची पदे तबकडीवर ऐकताना रंगभूमीचे अंतरच नाहीसे होते. ती विनवणी केवळ आपल्या कानाशी केली जात आहे असे वाटते. १९३६च्या ‘संत तुकाराम’ बोलपटासाठी शांताराम आठवले यांनी रचलेले, केशवराव भोळे यांच्या संगीतातले आणि विष्णुपंत पागनीसांनी गायिलेले पद तर कित्येकांनी तुकोबांच्या गाथेतलेच मानले.

हा लाभ मानावा की हानी, याचा निवाडा पंडितांनी करावा. मला मात्र आमच्या माजघरातील पेटी आठवते. आजोबा टिनाच्या डबीतून नवी सुई काढून बसवीत, चावी देत, आणि आजी दाराशी हात जोडून बसे. तीन मिनिटे संपत, सुई आतल्या वर्तुळात खरखरत राही. आजोबा तबकडी उलटून पुन्हा चावी देईपर्यंत आजी मिटल्या डोळ्यांनी तेच ध्रुपद हलकेच उचलून धरी, आणि आम्ही मुले, कोणी न सांगताच, तिच्यामागे म्हणू लागत असू.