पदवी आणि रॅकेट
(अकोला येथील वार्षिक मेळाव्यातील भाषण)



अमरावतीस १९१४ साली हनुमान आखाडा उभा राहिला. त्याचेच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. तरीही अमरावती-अकोल्याच्या आपल्या घरांतून मुलगी कॉलेजात गेली की तिचा खेळ सुटतो. श्रीरामपुरासारख्या तालुक्याच्या गावी १९९६ साली जन्मलेल्या ऋतुजा भोसले हिने अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकतानाही टेनिस सोडले नाही. पुढे तोच व्यवसाय पत्करला. २०२३ साली हांगचौच्या आशियाई क्रीडास्पर्धांत, अंतिम सामन्यातील पहिला सेट गमावूनही, रोहन बोपण्णांसह तिने मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक मिळविले. आपल्या विद्यार्थी-साहाय्य निधीतून पुस्तकांबरोबर रॅकेटसाठीही साहाय्य मिळावे, एवढीच आमची ज्ञातिबांधवांस विनंती आहे.