उन्हाळी वर्ग आणि हाताची विद्या
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



आजच्या संमेलनात चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली, याबद्दल मी ऋणी आहे. मी वक्ता नव्हे. सारा जन्म गणित शिकविण्यात गेला. त्यामुळे फळ्याकडे तोंड आणि श्रोत्यांकडे पाठ करून बोलण्याचीच सवय अधिक. तेव्हा भाषेत काही उणे-अधिक झाल्यास आपण ते सांभाळून घ्याल असा विश्वास आहे.

आपल्या लहानशा शाळेत दरवर्षी मे महिन्यात उन्हाळी वर्ग भरतात, हे आपणा सर्वांस ठाऊक आहेच. सकाळी साडेसातला वर्ग सुरू होतो. पहिला दीड तास गणित, मराठी आणि इंग्रजी. पुढचा दीड तास हस्तकला, चित्रकला, नाट्य आणि हस्तलिखित अंकाचे काम. यापैकी उत्तरार्ध बंद करून तोही वेळ अभ्यासास द्यावा, अशी सूचना येत्या सर्वसाधारण सभेपुढे यावयाची आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू शुद्ध आहे. आपल्या मुलांना चांगले गुण मिळावेत यापलीकडे त्यांची काही इच्छा नाही. तरीही ती सूचना मान्य होऊ नये, असे मला मनापासून वाटते. त्याची कारणे आपणापुढे ठेवण्यासाठीच मी उभा आहे.

प्रथम, उन्हाळी वर्ग हवेतच कशाला? अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात १९८२ साली पहिलीत आलेल्या सुमारे ८०० मुलांचा काही संशोधकांनी अनेक वर्षे मागोवा घेतला. शाळा चालू असताना गरिबांची आणि सुस्थितीतील घरांची मुले जवळजवळ सारखीच पुढे जात. अंतर वाढे ते मुख्यतः उन्हाळ्याच्या सुट्टीत, असे त्यांना दिसून आले. पुढे अन्य संशोधकांनी या निष्कर्षाविषयी शंकाही काढल्या आहेत. परंतु ज्या घरात पुस्तक नाही, बसावयास निवांत कोपरा नाही, त्या घरातील मूल जून महिन्यात परत येते तेव्हा त्याचा भागाकार गंजलेला असतो, हे समजण्यास मला परदेशी संशोधनाची गरज भासली नाही. तो गंज चढू नये म्हणूनच हे वर्ग आपण सुरू केले.

पहिली दोन वर्षे आपण केवळ अभ्यासच घेतला. परिणाम काय झाला? पहिल्या आठवड्यात वर्ग भरलेला. दुसऱ्या आठवड्यात बाके रिकामी. आणि गळाली ती कोण? ज्यांना वर्गाची गरज सर्वांत अधिक, तीच आधी गळाली. हुशार मुले येतच राहिली. त्यांना कोठेही बसविले तरी ती शिकतात. जे मूल वर्षभर 'तुला येत नाही' हे ऐकत आले, त्याने सुट्टीतही तेच ऐकावयास का यावे?

तिसऱ्या वर्षी आम्ही आपल्या आळीतील एका वृद्ध कारागिरास वर्गात बोलाविले. आपला परंपरागत व्यवसाय तांब्यापितळेच्या भांड्यांचा. पुण्यातील कसबा पेठेतील तांबट आळीचे नावच आपल्या हातोड्यावरून पडले आहे. तथापि आज आपल्यापैकी किती घरांतून ऐरणीचा नाद उठतो? त्या दिवशी बाबांनी एक चौरस पत्रा घेतला, त्यातून मोठ्यांत मोठी चकती कातरली आणि उरलेले चार कोपरे बाजूस ठेवून ते सहज म्हणाले, "एवढी कातरण जाणारच. पाचवा हिस्सा आणि वर थोडे."

मी मुलांना म्हटले, मोजा. नेहमी शेवटच्या बाकावर बसणारी सातवीतील एक मुलगी पुढे आली. चौरसाची बाजू तिने मोजली, वर्तुळाचे क्षेत्रफळ काढले, वजाबाकी केली. शंभर भागांपैकी सुमारे साडेएकवीस भाग वाया! तिने पुन्हा मोजले; उत्तर तेच. बाबांनी तिच्या वहीकडे कितीतरी वेळ पाहिले आणि ते म्हणाले, "पोरी, पन्नास वर्षे मला हे डोळ्याने कळत होते. ते कशाने, हे आज तू सांगितलेस." त्यानंतर ती मुलगी एक दिवसही गैरहजर राहिली नाही.

पुढील दिवसांत आम्ही घरोघरची भांडी आणविली. घागर, कळशी, पातेले, घंगाळ, अगदी आजीचा बंबसुद्धा! मुलांनी दोऱ्याने प्रत्येकाचा घेर मोजला, व्यास मोजला आणि एकास दुसऱ्याने भागले. भांडे लहान असो वा मोठे, भागाकार दर वेळी तीनाहून किंचित अधिकच येऊ लागला. बावीस सप्तमांश ही संख्या पुस्तकातून पाठ केलेली मुले पुष्कळ असतात; ती घागरीच्या काठावर भेटलेली मुले थोडी.

मग कल्हईचा दिवस. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक कळकते, हे आपल्या भगिनींना सांगावयास नको. परंतु का कळकते? आंबट पदार्थाचा धातूशी संयोग होतो म्हणून. नवसागर कशासाठी? तापलेल्या भांड्यावरील मळ निघून धातूचा पृष्ठ स्वच्छ व्हावा म्हणून. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, तर तांबे १०८५ अंशांस. म्हणूनच भांड्यास धक्का न लागता कथील त्यावर पसरते आणि कापसाच्या बोळ्याने सारखे करता येते. तेवढ्यात एका मुलाने विचारले, "गुरुजी, मग स्टीलला कल्हई का लागत नाही?" कारण त्यातील क्रोमियममुळे पृष्ठभागावर एक अतिशय पातळ असे संरक्षक कवच आपोआप तयार होते. ज्या स्टीलने आपला धंदा बसविला, त्याचे रहस्य आपल्याच नातवाने आपल्याच आळीत बसून विचारावे, यात मला मोठी आशा दिसली.

आता एका आक्षेपाकडे वळतो. तो मला एका पालकाने तोंडावर ऐकविला आणि तो मी कधी विसरणार नाही. ते म्हणाले, "मास्तर, मी ऐरणीपुढे बसलो तो माझा मुलगा बसू नये म्हणून. ठोके ऐकून माझे कान गेले. आणि तुम्ही त्याच्याच हातात पुन्हा हातोडा देता?" मी त्या वेळी निरुत्तर झालो. त्यांच्या शब्दांत आयुष्यभराचे कष्ट होते. त्यांना पुस्तकी उत्तर देणे उद्धटपणाचे झाले असते.

आज ते गृहस्थ या सभेत बसलेले आहेत. त्यांना मी नम्रपणे सांगू इच्छितो की, आपल्या मुलास तांबट करणे हा या वर्गाचा हेतू नाही. भट्टीपाशी मुलांना जाऊ देत नाहीत. तेथील सर्व काम वडीलधारी माणसेच करतात. विक्रीसाठी एकही वस्तू तेथे बनत नाही. २०१६ च्या सुधारणेनंतर, कुटुंबातील मदतीसारखे अपवाद सोडता, चौदा वर्षांखालील मुलास कोणत्याही कामावर ठेवण्यास कायद्याने मनाई आहे, आणि ती योग्यच आहे. आपला मुलगा अभियंता होवो, डॉक्टर होवो, आम्हांस आनंदच आहे. परंतु शाळेच्या अर्जावर 'वडिलांचा व्यवसाय' लिहिताना त्याची लेखणी अडखळू नये, एवढेच आम्हांस हवे आहे. आपले वडील अडाणी नव्हते. जी भूमिती आपण वहीत शिकतो ती त्यांच्या मनगटात होती, हे ज्या मुलास कळले, त्याला गणिताची भीती वाटत नाही आणि वडिलांची लाजही वाटत नाही.

हा विचार माझ्या पदरचा नाही. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तव्यवसायातून शिक्षण ही कल्पना देशापुढे ठेवली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या परिसरात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालविली. मूल शाळेत येत नाही, तर शाळाच कुरणात गेली. साने गुरुजींनी अमळनेरच्या छात्रालयात मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढले. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तराविना, सुतार, माळी, कुंभार अशा स्थानिक कारागिरांच्या सहवासात शिकावे, असे सुचविले आहे. सारा देश जे आता करू म्हणतो, ते आपल्या लहान शाळेत आधीच चालू आहे. ते आपणच आपल्या हाताने बंद करावे काय?

शेवटी माझी मंडळास तीन मागणी आहेत. पहिली, वर्गाचा उत्तरार्ध कायम ठेवावा. दुसरी थोडी कटू आहे, परंतु बोललेच पाहिजे. इंग्रजी शिकविणाऱ्यास आपण मानधन देतो आणि कारागिरास शाल व नारळ. शालीने मान राखला जातो, पण चूल पेटत नाही. दोघेही गुरूच आहेत. दोघांस मानधन सारखेच असावे. तिसरी, शेजारच्या आळीतील अन्य समाजांची मुले दाराशी उभी राहून पाहतात. त्यांना आत घ्यावे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या वसतिगृहांस आश्रय दिला, आणि कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यास सर्व जातींची मुले एका पंगतीस बसविली. ज्ञातिसंस्था ही एक पायरी आहे. पायरीवर घर बांधावयाचे नसते.

आता एकच गोष्ट सांगतो आणि आपली रजा घेतो. ती मला त्या वृद्ध बाबांनीच शिकविली. तांबे मठारताना सतत ठोके देत गेले, तर ते ताठते. आणि तरीही हात थांबविला नाही, तर चिरते. म्हणून जाणता कारागीर मध्येच भांडे उचलतो, विस्तवात लाल होईपर्यंत तापवितो, आणि ते पुन्हा मऊ झाले म्हणजे मगच हातोडा हाती घेतो. त्या तापविण्यात वेळ गेला असे तो कधी मानीत नाही. तो त्या कामाचाच भाग असतो.

आपली मुले दहा महिने ठोके खात असतात. मे महिन्यातही तेच ठोके द्यावयाचे, की त्यांना जरा मऊ होऊ द्यावयाचे, याचा निर्णय आपण सर्वसाधारण सभेत करावयाचा आहे. आपण साऱ्या कारागिरांची लेकरे आहोत. धातूचा स्वभाव आपणांस कळतो, तसा मुलांचाही कळेल, अशी मला खात्री वाटते.